ध्रुवावरचा ९० किलोमीटर उंचीचा वारा जमिनीवरून कसा मोजतात

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ विदर्भातल्या कोणालाही विचारा, त्याला आठवतेच. गुढीपाडव्याचा दिवस होता, अंधार पडला तशी आकाशातून जळत्या गोळ्यांची एक रांगच्या रांग सरकत गेली, अंगणातली, पारावरची, शेतातली सगळी माणसं माना वर करून पाहून राहिली होती, कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे विमान, कोणी म्हणे मिसाईल. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं आणि ते चिनी रॉकेटचा तुकडा असावं असं पुढे आलं. लोक त्या कड्याबद्दल अजून बोलतात. मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचंय ती मात्र फार वर आहे, म्हणजे असा तुकडा हवेत शिरून जिथं तुटायला-जळायला लागतो तो थर, जमिनीपासून ८० ते १०० किलोमीटरच्या आसपासचा. उल्का पण तिथंच जळतात. आणि त्या थरात वारा असतो, साधासुधा नाही, ताशी दीडशे किलोमीटरचा सुद्धा असतो, आणि तो मोजायचं सगळ्यात महत्त्वाचं काम उत्तर आणि दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात अँटेना रोवून बसलेली माणसं करतात.

हे गावात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो आणि तो प्रश्न चांगलाच आहे. "सर, तुम्हीच म्हणता वर हवा नसते, मग वारा कायचा?" हवा असते. फक्त लय विरळ असते. ९० किलोमीटरवरची हवा आपल्या अंगणातल्या हवेच्या जवळपास साडेतीन लाखाव्या हिश्श्याएवढी उरते. पण उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर या वेगानं येते, त्या वेगापुढे एवढी विरळ हवा सुद्धा तिला जाळायला पुरते, आणि जी हवा उल्का जाळू शकते ती वाहू पण शकते. तिचं वाहणं आपल्या अंगाला लागणार नाही, पण ती आहे, आणि ती खूप काही ठरवते.

अडचण अशी की तिथं यंत्र ठेवता येत नाही. नागपूरहून हवामान खात्याचा फुगा सुटतो तो फार तर ३०-३५ किलोमीटर जातो आणि फुटतो. विमान तर त्याच्या पण खाली. बरं उपग्रहानं मोजावं म्हटलं तर उपग्रह इतक्या खाली टिकत नाही, दीडशे किलोमीटरच्या खाली आला की हवाच त्याला ओढून पाडते, म्हणून तो आपला चारशे-सहाशे किलोमीटरवरून खाली वाकून बघतो आणि एका जागेवरून दिवसाकाठी एक-दोनदाच जातो. रॉकेट सोडता येतं, पण ते त्या थरातून काही मिनिटांत पार होतं आणि त्याचा खर्च बघता रोज कोण सोडणार. म्हणजे फुग्याच्या वर आणि उपग्रहाच्या खाली एक असा पट्टा राहतो जिथं आपण जाऊन थांबू शकत नाही, आणि तिथला वारा रात्रंदिवस, तासातासाला, वर्षानुवर्षं मोजायचा असेल तर जमिनीवरून रेडिओ लहरी सोडून त्या परत कशा येतात ते ऐकणं हाच खात्रीचा मार्ग आहे. म्हणजे रडार.

आता रडार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नागपूरचं हवामानाचं रडार येतं, ते ढगातल्या पाण्याच्या थेंबांवरून लहर परत आणतं. पण ९० किलोमीटरवर थेंब नाहीत, धूळ नाही, पाखरू नाही, नुसत्या हवेवरून लहर परत येत नाही. मग कशावरून परत आणायची? इथं खळ्यावरचा माणूस आठवा. आता थ्रेशर आलं, पण सूप घेऊन उपणणारी माणसं अजून आहेत, तो माणूस धान्य सोडायच्या आधी मूठभर भुसा सोडून पाहतो, भुसा कुठं आणि किती लांब जातो त्यावरून वारा ओळखतो. वर ती मूठ कोणीतरी सतत सोडतच असतं. उल्का.

मोठी, दिसणारी उल्का नव्हे. आपल्या डोळ्याला दिसते ती क्वचितची, आणि लोणारला पडली तशी तर हजारो वर्षांत एखादी. रडारला जे लागतं ते वाळूच्या कणाहून बारीक, दिवसरात्र पडत असतं, ढगात पण, भर उन्हात पण, पृथ्वीवर असा कित्येक टन माल रोज येतो. प्रत्येक कण ११० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान जळून संपतो, आणि जळताना उडालेले त्याचे अणू हवेवर आदळून त्यांच्यातून इलेक्ट्रॉन सुटे होतात. काही किलोमीटर लांब आणि सुरुवातीला मीटर-दोन मीटर रुंद असा सुट्या इलेक्ट्रॉनांचा एक पट्टा मागे उरतो. या इलेक्ट्रॉनांवरून रेडिओ लहर परत फिरते. आणि हा पट्टा आजूबाजूच्या हवेत पुरता अडकलेला असतो, हवा जिकडं जाते तिकडं तोही जातो.

एक असा पट्टा घेऊन पाहू, कारण सगळी गंमत एकाच प्रतिध्वनीत आहे. समजा रडार ३५ मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे सेकंदाला साडेतीन कोटी कंपनं आणि लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास. रडार सेकंदाला शेकडो वेळा एक छोटा ठोका सोडतं. एक ठोका परत आला, त्याला १.२ मिलिसेकंद लागले, म्हणजे लहर जाऊन-येऊन ३६० किलोमीटर फिरली, पट्टा १८० किलोमीटर लांब आहे. लांब म्हणजे तिरकस लांब. उंची काढायला तो कोणत्या कोनात आहे ते लागतं, आणि त्यासाठी एक अँटेना पुरत नाही, पाच लागतात, अधिकच्या चिन्हाच्या आकारात जमिनीवर रोवलेल्या, मधल्या अँटेनापासून दोन बाजूच्या दोन लहर-लांबींवर आणि बाकीच्या अडीच लहर-लांबींवर, म्हणजे सतरा आणि एकवीस मीटरच्या आसपास. एकच लहर या पाचही अँटेनांवर किंचित मागेपुढे पोचते, त्या मागेपुढेवरून दिशा निघते. अंतरं अशी विचित्र का, तर अँटेना लांब ठेवल्या की दिशा बारीक कळते पण एकाच मापातून दोन-तीन दिशा संभवतात, आणि जवळ ठेवल्या तर घोळ होत नाही पण त्या एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करतात. दोन आणि अडीच यांच्यातला फरक अर्धा, त्या अर्ध्यानं घोळ मिटतो आणि लांब अंतरानं बारकाई मिळते. मला हे फार आवडतं, पाच खांब योग्य अंतरावर रोवले एवढ्यानं आकाशातली जागा कळते.

तर समजा दिशा आली क्षितिजापासून ३० अंशावर. १८० चा निम्मा ९०, म्हणजे पट्टा ९० किलोमीटर उंच, आणि एवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाई जाणवते म्हणून त्यात दोनेक किलोमीटर अजून वाढवायचे. उंची झाली, दिशा झाली. आता वारा.

तो पट्टा वाऱ्यासोबत रडारकडे सरकतोय, समजा सेकंदाला ४० मीटर. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात तो ४ मीटर जवळ येतो, म्हणजे लहरीची जाऊन-येऊन वाट ८ मीटरनं कमी होते, जवळपास एक पूर्ण लहर. पहिल्या ठोक्याला परत येणारी लहर चढावर होती तर पुढच्या ठोक्यांना ती हळूहळू माथ्यावर, मग उतारावर, मग तळाशी अशी येते आणि त्या दहाव्या हिश्श्यात जवळपास एक फेरी पुरी करते. ही फेरी किती वेगानं झाली ते मोजलं की पट्टा आपल्याकडे किंवा आपल्यापासून लांब किती वेगानं जाऊन राहिला ते कळतं. डॉप्लर डॉप्लर म्हणतात ते हेच, साडेतीन कोटी कंपनांत आठ-दहा कंपनांचा फरक, पण तेवढा फरक पकडायला यंत्राला काही जड जात नाही.

वेळ मात्र तेवढाच मिळतो. ९० किलोमीटरवर असा पट्टा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास विखरून जातो, त्याहून वर हवा अजून विरळ म्हणून अजून लवकर. आणि हे विखरणं पण वाया जात नाही, पट्टा किती लवकर विझला यावरून तिथल्या तापमानाचा अंदाज काढतात. एक कण जळला आणि त्यानं जागा, वारा आणि तापमान तिन्ही सांगितलं.

एका कणातून पूर्ण वारा मात्र निघत नाही. फक्त आपल्या दिशेनं येणारा किंवा जाणारा भाग निघतो, आडवा वाहत असेल तर रडारला तो दिसतच नाही. म्हणून तासाभरात वेगवेगळ्या दिशांना दिसलेले सगळे कण गोळा करायचे, दोन-तीन किलोमीटरच्या एकेका थरात वाटायचे, आणि असा कोणता पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण वारा धरला तर हे सगळे आकडे एकत्र बसतात ते गणितानं शोधायचं. वर-खालचा वारा इतका कमी असतो की या हिशोबात तो शून्यच धरतात. चांगल्या रडारला दिवसाला हजारो कण मिळतात, काही ठिकाणी दहा हजारांच्या वर. आपल्या अक्षांशांवर पहाटे जास्त आणि संध्याकाळी फार कमी मिळतात, कारण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते आणि पहाटेची बाजू ही तिची पुढची बाजू, समोरून येणारे कण तिच्यावर जास्त आदळतात. ध्रुवाजवळ दिवसभरातला हा चढउतार खूप कमी होतो, तिथली जमीन दिवसभरात पुढच्या-मागच्या बाजूला अशी फिरतच नाही. म्हणजे ध्रुवावर हे तंत्र चोवीस तास बऱ्यापैकी सारखं चालतं, ही तिथली एक मोठी सोय.

हे सुचलं कसं तेही थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची व्ही-२ रॉकेट्स पकडायला ब्रिटनमध्ये रडार लावली होती, रॉकेट नसताना पण प्रतिध्वनी यायचे, स्टॅनली हे नावाच्या शास्त्रज्ञानं ते उल्कांचे आहेत हे ओळखलं. १९४६ च्या ऑक्टोबरात उल्कावर्षाव झाला तेव्हा इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकला बर्नार्ड लव्हेल यांच्या लोकांनी रडारवर उल्का मोजल्या. आणि १९५० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या मॅनिंग, व्हिलार्ड आणि पीटरसन यांनी त्याच प्रतिध्वनींतून वारा काढून दाखवला. युद्धाच्या कामात जी कटकट वाटत होती तिच्यातून वाऱ्याचं मोजमाप निघालं.

आता ध्रुवच का? वारा तर सगळीकडेच आहे, मग इतक्या थंडीत कशाला मरायचं?

कारण या थरात जे चालतं त्याची टोकाची बाजू ध्रुवावर दिसते. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागतो, ब्रह्मपुरी, चंद्रपूर, वर्धा सगळीकडे पारा ४५ च्या वर, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. नेमक्या त्याच दिवसांत उत्तर ध्रुवाकडे चोवीस तास सूर्य असतो, आणि त्याच ध्रुवाच्या डोक्यावर ८५-९० किलोमीटरला तापमान उणे १४० अंशापर्यंत उतरतं. पृथ्वीच्या सगळ्या वातावरणात याहून थंड जागा नाही, आणि ती थंडी भर उन्हाळ्यात पडते, हिवाळ्यात नाही. हिवाळ्यात, सहा महिन्यांच्या रात्रीत, तोच थर उलट बराच गरम असतो. सूर्याचा हिशोब केला तर हे पूर्ण उलटं आहे. आणि याचं कारण वारा.

हे नीट सांगतो, कारण सगळा जीव इथंच आहे. जमिनीजवळ डोंगरावरून वारा गेला, गडगडाटी वादळ उठलं, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी अचानक आभाळ भरून अवकाळी कोसळतो तसं काही झालं, की हवेत लाटा उठतात आणि त्या वर निघतात. वर जाताना हवा विरळ होत जाते, लाटेतली ऊर्जा तेवढीच पण हलवायला माल कमी, म्हणून लाट वाढत जाते. मघाशी सांगितलं ना, ९० किलोमीटरला हवा साडेतीन लाखाव्या हिश्श्याची, तर मधे काही अडथळा आला नाही तर लाट साडेतीन लाखाच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे सहाशे पट वाढते. खाली जी हालचाल सेकंदाला काही सेंटिमीटर होती ती वर दहा-दहा मीटर होते. इतकी वाढली की ती टिकत नाही, ८०-९० किलोमीटरला फुटते, आणि फुटताना आपला जोर तिथल्या हवेला देऊन टाकते.

उन्हाळ्यात खालच्या थरांत, म्हणजे ३० ते ७० किलोमीटरमध्ये, वारा पश्चिमेकडे वाहतो, तो पश्चिमेकडे जाणाऱ्या लाटा वाटेतच गिळून टाकतो. वर पोचतात त्या मुख्यतः पूर्वेकडे जाणाऱ्या, आणि त्या फुटून हवेला पूर्वेकडे ढकलतात. पृथ्वी फिरते म्हणून ही ढकललेली हवा वळते आणि ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे निघून जाते. ध्रुवाच्या डोक्यावरची हवा गेली म्हणजे तिची जागा भरायला खालून हवा वर चढते, चढताना पसरते, पसरली की थंड होते. सूर्य चोवीस तास तापवून राहिला तरी हे चढणं जिंकतं. तीच हवा पलीकडच्या, हिवाळ्यातल्या ध्रुवाकडे जाऊन खाली उतरते आणि दाबली जाऊन गरम होते. म्हणजे पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवेची एक मोठी फेरी चालू आहे आणि ती फिरवायला जोर लागतो तो जमिनीवरच्या डोंगरांचा आणि वादळांचा. आपल्या अवकाळीनं आपलं गहू-हरभऱ्याचं नुकसान होतं ते होतंच, पण त्या वादळातून निघालेल्या लाटा पण याच प्रकारच्या असतात, याचा विचार केला की मला वर बघावंसं वाटतं.

ध्रुवीय रडारमध्ये ही फेरी आकड्यांत दिसते. उन्हाळ्यात ८५ किलोमीटरच्या खाली पश्चिमेकडे जाणारा जोरदार वारा, ९० च्या पुढे तोच उलटून पूर्वेकडे, आणि त्या वळणाच्या आसपास विषुववृत्ताकडे जाणारा सेकंदाला दहाएक मीटरचा हलका वारा. शिवाय या सगळ्यावर दर बारा तासांनी वर-खाली होणारी एक मोठी लाट, सूर्याच्या उष्णतेनं हवेला येणारी भरती-ओहोटी, ध्रुवाकडे ती इतकी ठळक असते की दोन-तीन दिवसांचा आलेख पाहिला तरी नुसत्या डोळ्यानं मोजता येते. रॉकेटनं एकदा मोजलं असतं तर तो आकडा भरतीचा की ओहोटीचा हे कळलंच नसतं. म्हणून रोज, सतत, एकाच जागी मोजणं लागतं.

त्या उणे १४० च्या थंडीचा अजून एक परिणाम आहे. तिथं जे नावापुरतं पाणी असतं त्याचा बर्फ होतो, ८२-८३ किलोमीटरला अगदी पातळ ढग बनतात, सूर्य मावळल्यावर बराच वेळ ते निळसर चांदीसारखे चमकतात. युरोपात लोकांनी ते १८८५ मध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिले. आपल्याकडून ते दिसत नाहीत. पण रडारला या बर्फाचा भलताच उपयोग झाला. अमेरिकेनं अलास्कात पोकर फ्लॅटला ५० मेगाहर्ट्झचं मोठं रडार लावलं होतं, त्याला उन्हाळ्यात ८५ किलोमीटरच्या आसपासून इतके जोरदार प्रतिध्वनी यायला लागले की हिशोबात बसेनात, एकलंड आणि बाल्सली यांनी १९८१ मध्ये ते मांडलं. ५० मेगाहर्ट्झची लहर सहा मीटरची, ती परत फिरायला इलेक्ट्रॉनांत तीन-तीन मीटरवर चढउतार लागतात, आणि इतक्या विरळ हवेत एवढे बारीक चढउतार क्षणात पुसले जायला पाहिजेत. उत्तर नंतर कळलं, बर्फाचे सूक्ष्म कण इलेक्ट्रॉन पकडून बसतात, कण जड म्हणून हळू हलतात, आणि त्यांच्यामुळे ते चढउतार टिकून राहतात. म्हणजे उन्हाळाभर ध्रुवाच्या वर उल्केची वाट न पाहता थेट, मिनिटा-मिनिटाचा वारा मोजायची सोय निसर्गानंच केली.

त्यासाठी रडार मात्र मोठं लागतं. नॉर्वेत अँडोया बेटावर जर्मनीचं मार्सी आहे, ४३३ अँटेनांचं. आणि दक्षिणेत अंटार्क्टिकावर जपानच्या स्योवा तळावर पॅन्सी आहे, टोकियो विद्यापीठाच्या काओरू सातो यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं, ४७ मेगाहर्ट्झ, १०४५ अँटेना. आपल्या छपरावर टीव्हीचा जुना अँटेना असायचा ना, आडव्या काड्यांचा, त्याच जातीच्या पण मोठ्या आणि आभाळाकडे तोंड करून उभ्या. एकही अँटेना हलवत नाहीत. प्रत्येकीची लहर किती उशिरा सोडायची ते विजेनं ठरवतात आणि सगळ्यांची मिळून एक बारीक शलाका हवी तिकडं वळते, सरळ वर, मग उत्तरेला थोडी कललेली, मग पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला, क्षणाक्षणाला. पाच दिशांचे डॉप्लर घेतले की वाऱ्याचे तिन्ही भाग निघतात. सांगायला सोपं आहे. तिथं वीज म्हणजे जहाजानं आणलेलं डिझेल जाळून, म्हणून या रडारचे ट्रान्समीटर कमी वीज खाणारे मुद्दाम बनवले. २०११ मध्ये काम सुरू झालं आणि पुढची लागोपाठ दोन वर्षं त्यांचं बर्फ फोडणारं जहाज शिरासे जाड बर्फामुळे तळापर्यंत पोचूच शकलं नाही. बर्फ इतका साचला की अँटेना गाडल्या जायच्या, त्या उपटून दुसरीकडे उंच जागी हलवाव्या लागल्या. सगळ्या अँटेना चालायला २०१५ उजाडलं. नकाशा काढून पाहा, भारताचं मैत्री केंद्र १९८९ चं आणि भारती २०१२ चं, दोन्ही अंटार्क्टिकाच्या याच बाजूला आहेत आणि स्योवा या दोघांच्या मधे पडतं.

आपल्या देशात हे तंत्र नाही असं समजू नका. तिरुपतीजवळ गडंकीला १०२४ अँटेनांचं, ५३ मेगाहर्ट्झचं रडार नव्वदच्या दशकापासून आहे, बांधणी पॅन्सीच्याच जातीची. आणि आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार आहे, ते वेगळ्या पद्धतीचं, १.९८ मेगाहर्ट्झवर. याला उल्का नको, बर्फ नको, ६० ते ९५ किलोमीटरमध्ये सूर्यप्रकाशानं जे थोडे इलेक्ट्रॉन सुटे होतात त्यांच्यातल्या कमी-जास्तीवरून ते अगदी क्षीण प्रतिध्वनी पकडतं, तीन अँटेनांवर तोच नमुना मागेपुढे कसा सरकला त्यावरून वारा काढतं. अंटार्क्टिकात पण या पद्धतीची रडार वर्षानुवर्षं चालली. स्वस्त पडतं, पण ९० च्या वर ते वारा खराखुरा आहे त्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून त्याचे आकडे उल्का-रडारशी ताडून घ्यावे लागतात.

एक सावधगिरी मात्र सांगतो, यूट्यूबवर यात खूप घोळ दिसतो. ध्रुवाभोवती सुपरडार्न नावाचं रडारांचं मोठं जाळं आहे, त्याचे रंगीत नकाशे दाखवून "वरचा वारा" म्हणतात. ते मुख्यतः विद्युतभारित कणांचं वाहणं दाखवतात. १०० किलोमीटरच्या खाली हवा इतकी दाट आहे की भारित कण तिच्या धक्क्यांनी तिच्यासोबतच जातात, म्हणून उल्केचा पट्टा हवेचा वारा खरा सांगतो. दीड-दोनशे किलोमीटरला धक्के कमी होतात आणि तेच कण पृथ्वीचं चुंबकत्व आणि सूर्याकडून आलेल्या विजेच्या ओढीनं आपल्याच वाटेनं जातात, हवा एकीकडे आणि ते दुसरीकडे. सुपरडार्नच्या जवळच्या अंतरातले उल्कांचे प्रतिध्वनी वेगळे काढून त्यातून खरा वारा काढतात, ते चालतं. बाकी नकाशा पाहताना आधी उंची विचारायची.

या मोजमापाचा खाली काय उपयोग, तर सप्टेंबर २००२ ची गोष्ट सांगतो. दक्षिण ध्रुवाभोवती हिवाळ्यात वाऱ्याचं मोठं कडं फिरत असतं. त्या महिन्यात ते फाटलं, ३० किलोमीटरच्या आसपास हवा एकदम तापली, ओझोनचं भोक दोन तुकड्यांत वाटलं गेलं. दक्षिणेत असं मोठं काही त्याआधी नोंदलंच गेलं नव्हतं. अंटार्क्टिकातल्या रडारांच्या नोंदी पाहिल्या तर वरच्या थरातला वारा त्याच्या आधीच उलटा फिरला होता. उत्तरेला हे जास्त वेळा होतं, फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं आणि पाठोपाठ युरोपात भयंकर थंडीची लाट उतरली. म्हणून हवामानाच्या मॉडेलवाले आता आपलं मॉडेल ८०-१०० किलोमीटरपर्यंत नेतात, आणि ते बरोबर चाललंय का हे तपासायला त्यांच्याकडे या रडारांइतकी सलग नोंद दुसरी नाही.

अजून एक आकडा मात्र हाती लागत नाही, तो म्हणजे उभा वारा. मघाशी सांगितलं की ध्रुवावरची हवा वर चढते म्हणून थंड होते, पण ती चढते किती वेगानं? सेकंदाला काही सेंटिमीटर फक्त. समजा तीन. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला अडीच किलोमीटरच्या वर चढली, आणि वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंश थंड होते, म्हणजे रोज पंचवीस अंशांची थंडी. एवढा प्रचंड परिणाम करणारा वारा मुंगीच्या चालीचा आहे, आणि त्याच जागी चाळीस मीटर सेकंदाचा आडवा वारा सुटलेला आहे. शलाका सरळ वर न जाता अर्धा अंश जरी कलली तरी आडव्या वाऱ्याचे तीस-पस्तीस सेंटिमीटर त्यात मिसळतात आणि हवा तो उभा वारा बुडून जातो. आजवर तो थेट न मोजता विषुववृत्ताकडे जाणाऱ्या वाऱ्यावरून हिशोबानं काढावा लागतो. आता उल्का-रडारवाले एका ट्रान्समीटरभोवती शंभर-दोनशे किलोमीटरवर वेगवेगळे रिसिव्हर लावून एकाच भागाकडे अनेक बाजूंनी बघायला लागलेत, आणि नॉर्वे, स्वीडन, फिनलंड मिळून आइसकॅट थ्रीडी नावाचं हजारो अँटेनांचं रडार उभं करताहेत, ते पण एकाच जागेकडे तीन देशांतून बघेल. तीन बाजूंनी पाहिलं की आडवा आणि उभा वारा एकमेकांपासून सोडवता येतो. ते तीन सेंटिमीटर तेवढ्यानं सापडतील का, हे त्यांच्या पहिल्या काही उन्हाळ्यांच्या नोंदींतून कळेल.